पाच भोकांच्या फोटोवरून रिव्हॉल्व्हरची परीक्षा का होत नाही

आमच्या ग्वाल्हेरात बंदुकीवर मत नसलेला माणूस शोधून सापडायचा नाही. शेजारच्या शिवपुरीत २००८ साली नसबंदी करा आणि बंदुकीचा परवाना मिळवा अशी स्कीम निघाली होती, आणि २०१९ मध्ये खुद्द आमच्या कलेक्टर साहेबांनी परवाना हवाय ना, मग आधी दहा झाडं लावा, त्यांच्यासोबत सेल्फी काढा, असा नियम केला होता. अशा गावातल्या फॅमिली ग्रुपवर ओहायोतल्या मावसभावाने कागदी टार्गेटचा फोटो टाकला तर काय होणार. फोटोत चार भोकं जवळजवळ चिकटलेली, शेजारी त्यांचं क्वार्टरचं नाणं (आपल्या दहाच्या नाण्यापेक्षा जरासं लहान), आणि पाचवं भोक चांगलं दोन बोटं लांब. खाली लिहिलेलं, "१९३० च्या दशकातलं एन्फील्ड रिव्हॉल्व्हर, काडतुसं माझ्या हातची, एक इंचाचा ग्रुप! पाचवी गोळी धरू नका, हात हलला."

झालं. लष्करातले काका, मुरारचे काका, पुण्याच्या आत्या, सगळे वाहवा करायला लागले. एकानेही अंतर किती ते विचारलं नाही. आणि नंतर मला खाजगीत तिघांनी विचारलं की अरे हातची काडतुसं म्हणजे काय, ती घरी करतात का, आणि ग्रुप म्हणजे नक्की काय मोजतात. म्हणून हे लिहितोय. तीन-चारच शब्द आहेत, ते एकदा कळले की बाकी सगळी साधी गोष्ट आहे.

काडतूस कशाचं बनतं

चार गोष्टी. पितळेची नळकांडी, तिला केस म्हणतात. केसच्या बुडाशी छोटीशी टोपी, प्रायमर, तिच्यावर हॅमरचा, म्हणजे घोड्याचा, ठोका बसला की ठिणगी पडते. आत पावडर. आणि तोंडाशी बसवलेली बुलेट, म्हणजे जी प्रत्यक्ष उडून जाते ती. गोळी झाडल्यावर केस तशीच उरते, आणि ती पितळेची असल्यामुळे पुन्हा पुन्हा वापरता येते. तिला साफ करून, दाबून मापात आणून, नवा प्रायमर, मोजून पावडर आणि नवी बुलेट बसवली की झालं हँडलोड. अमेरिकेत हा लोकांचा रीतसर छंद आहे, गॅरेजमधल्या टेबलावर एक प्रेस बसवलेला असतो आणि रविवारी दुपारी माणूस तिथे बसलेला असतो.

आपल्याकडे मात्र असं करता येत नाही. १९५९ च्या आर्म्स ॲक्टमध्ये दारूगोळ्याच्या व्याख्येतच त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रंसुद्धा धरलेली आहेत आणि बनवायला वेगळा परवाना लागतो. रिव्हॉल्व्हर बाळगायचा परवाना हा काडतूस बनवायचा परवाना नव्हे. त्यामुळे कोणी "घरी ट्राय करू का" विचारत असेल तर उत्तर इथेच संपलं. मी पावडर किती, कुठली वगैरे एकही आकडा देणार नाहीये. तिकडचे लोकसुद्धा ते मनाने ठरवत नाहीत, पावडर कंपन्या छापील तक्ते देतात त्यातूनच घेतात, आणि घ्यायलाच हवेत.

मग एवढा खटाटोप कशाला, विकत मिळत नाहीत का

नव्या बंदुकीची मिळतात. जुन्याची पंचाईत असते. ब्रिटिश सैन्याने १८८७ मध्ये वेब्ली रिव्हॉल्व्हर घेतलं, त्याचा .४५५ बोर (म्हणजे नळीच्या भोकाचं इंचांतलं माप) आज दुकानात सहजासहजी दिसत नाही. त्यानंतर १९३२ च्या आसपास आलं एन्फील्ड, .३८ बोरचं, त्याच्यासाठी मूळ काडतुसात २०० ग्रेनची म्हणजे साधारण १३ ग्रॅमची शिशाची जाड, संथ बुलेट होती. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या आधी ती बदलून १७८ ग्रेनची, वरून कठीण धातूचं आवरण असलेली केली. आज .३८ म्हणून जे सर्रास विकतात ते .३८ स्पेशल, ते वेगळं काडतूस आहे. केस लांब आणि बारीक, बुलेटसुद्धा एन्फील्डला हवी त्यापेक्षा बारीक. एन्फील्डला साधारण .३६१ इंचाची बुलेट लागते आणि स्पेशलची .३५७-.३५८ असते. फरक इंचाच्या हजाराव्या भागात तीन-चार, म्हणजे डोळ्याला दिसणारही नाही, पण बुलेट नळीत नीट बसली नाही तर मागचा गॅस तिच्या कडेने निसटतो, शिसं वितळून नळीला चिकटतं आणि बुलेट डगमगत बाहेर पडते. कागदावर गोल भोकाऐवजी चावीच्या आकाराचं लांबट भोक दिसलं तर समजायचं बुलेट आडवी होऊन लागलीय.

हँडलोड करणाऱ्याला इथेच खरा फायदा असतो. आपल्या हातातल्या बंदुकीचं माप घेऊन त्या मापाची बुलेट, तिला झेपेल असा दाब. दाबाचा मुद्दा तर फारच महत्त्वाचा. जुन्या बंदुका कमी दाबासाठी बनलेल्या. महायुद्धानंतर कितीतरी .४५५ वेब्लींचे सिलिंडर (काडतुसं बसतात तो फिरता भाग) मागून घासून त्यात अमेरिकन .४५ एसीपी काडतूस बसेल असं करून विकले गेले, आणि बसतं म्हणून लोक सरळ फॅक्टरीचं काडतूस घालून उडवतात. त्याचा दाब त्या वेब्लीला झेपण्यापलीकडचा आहे. काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे सिलिंडरमधल्या त्याच्या भोकात, बसलं म्हणजे ते त्या बंदुकीचं आहे असं होत नाही.

अजून एक गंमत, खरं तर गंमत नाही, धोका आहे. काही जुनी काडतुसं काळ्या दारूच्या जमान्यातली, तेव्हा केस काठोकाठ भरायची. आजची पावडर जोरदार, तेवढ्याच केसमध्ये तिची चिमूटभर पुरते आणि वर बरीच जागा रिकामी राहते. याचा एक परिणाम म्हणजे चुकून दोनदा पावडर पडली तरी ती आत मावते आणि वरून बुलेट बसवली की कळतही नाही. उलट टोक म्हणजे पावडर पडलीच नाही, नुसत्या प्रायमरने बुलेट नळीत अर्ध्यावर अडकली आणि माणसाने "फुसकी निघाली" म्हणून पुढची गोळी झाडली. दोन्हीत बंदूक फुटू शकते. म्हणून ते लोक बुलेट बसवण्याआधी पन्नास केस ओळीने उभ्या करून टॉर्च मारून प्रत्येकीत डोकावतात.

ग्रुप म्हणजे काय आणि नेम म्हणजे काय

या दोन्हीत लोक हमखास गल्लत करतात. ग्रुप म्हणजे गोळ्या एकमेकींच्या किती जवळ लागल्या ते, नेम म्हणजे जिथे धरला तिथे लागल्या का ते. पाच गोळ्या जिथे नेम धरला तिथून चार इंच वर पण एकमेकींना चिकटून लागल्या तर ग्रुप उत्तम आहे, नेम चुकीचा आहे. नेम सुधारता येतो, पुढची साइट (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) घासून किंवा उंच लावून. पण गोळ्या चारी दिशांना पांगल्या असतील तर साइट काय करणार. काडतुसाची टेस्ट करताना आधी ग्रुप बघायचा.

ग्रुप मोजायची साधी पद्धत अशी की सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर कॅलिपरने घ्यायचं आणि त्यातून एका भोकाचा व्यास वजा करायचा, म्हणजे मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मिळतं. साध्या शिशाच्या गोल नाकाच्या बुलेटने कागद फाटतो, कड नीट दिसत नाही, म्हणून टार्गेटवाले सपाट नाकाची बुलेट वापरतात, ती कागदात पंच मारल्यासारखं स्वच्छ भोक पाडते. अंतर रिव्हॉल्व्हरसाठी बहुधा २५ यार्ड धरतात, आपल्या स्पर्धांच्या २५ मीटरच्या जवळपास. स्पर्धेतल्या २५ मीटरच्या प्रिसिजन टार्गेटवर दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं असतं, हे डोक्यात ठेवलं की एक इंच म्हणजे काय चीज आहे ते कळेल. सत्तर-ऐंशी वर्षांच्या सर्व्हिस रिव्हॉल्व्हरने २५ यार्डांवर वाळूच्या पिशवीवर टेकवून तीन-चार इंचांत गोळ्या ठेवल्या तर माझ्या मते तक्रारीला जागाच नाही. त्यामुळे मावसभावाच्या एका इंचाला मी आधी अंतर विचारलं. दहा यार्ड निघालं. दहा यार्डांवरचा एक इंच म्हणजे २५ वर अडीच.

भात सहा पातेल्यांत शिजलाय

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात, आणि ते चालतं कारण पातेलं एकच असतं. रिव्हॉल्व्हरमध्ये सहा पातेली आहेत. पिस्तुलाला किंवा रायफलीला एकच चेंबर असतो, प्रत्येक गोळी तिथूनच सुटते. रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या सिलिंडरमध्ये सहा चेंबर, सहा वेगळी भोकं, वेगवेगळी ड्रिल केलेली आणि वेगवेगळी झिजलेली. घोडा ओढला की सिलिंडर फिरतो, एक चेंबर नळीसमोर येऊन अडकतो, बुलेट आधी चेंबरमधून आणि मग मधली बारीक फट ओलांडून नळीत शिरते. तो चेंबर नळीच्या अगदी समोर आला नाही, किंचित इकडेतिकडे राहिला, तर बुलेटची एक कड तासली जाते. (ते शिशाचे कण फटीतून बाजूला उडतात, म्हणून रिव्हॉल्व्हरवाल्याच्या शेजारी नाही, मागे उभं राहायचं, आणि चष्मा सगळ्यांनी घालायचा.)

आता जुन्या बंदुकीत काय होतं की सहापैकी पाच चेंबर झकास आणि एक बंडखोर. मार्करने सिलिंडरवर १ ते ६ आकडे टाका, सहा टार्गेट लावा, आणि एक नंबरच्या चेंबरमधून फक्त पहिल्या टार्गेटवर, दोन नंबरच्यातून दुसऱ्यावर, असं प्रत्येकातून पाच-पाच गोळ्या झाडा. तीस गोळ्या जातात, कंटाळाही येतो. पण नंतर सहा कागद एकावर एक ठेवून खिडकीशी धरले की चित्र स्वच्छ दिसतं. चार नंबरच्या चेंबरचा ग्रुप स्वतःपुरता घट्ट आहे, पण बाकीच्यांपेक्षा दीड इंच डावीकडे. इतके दिवस जी गोळी "हात हलला" म्हणून सोडून देत होतात ती हात हलल्याची नव्हतीच, ती चार नंबरची होती. अशा बंदुकीत काडतूस बदलून बदलून काहीही होणार नाही, ते काम गनस्मिथचं, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याचं.

आणि इथेच पाच गोळ्यांची लबाडी लक्षात घ्या. सहा चेंबरच्या बंदुकीतून पाच गोळ्यांचा ग्रुप काढायची पद्धत जुनीच आहे, पण त्यात एक चेंबर बाहेर राहतो. कुठला? तो दर वेळी वेगळा असेल तर ठीक आहे, पण वाईट चेंबर माहीत असलेला माणूस तोच रिकामा ठेवेल हे सांगायला नको.

पण पाच गोळ्या काय कमी आहेत का

कमी आहेत. समजा एकच बंदूक, एकच काडतूस, तोच माणूस, आणि दहा गोळ्यांचा ग्रुप सरासरी ४ इंच येतो. आता त्याच सगळ्यातून पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप काढले तर त्यांची सरासरी येईल साधारण ३.२ इंच, आणि तीन-तीनचे काढले तर २.५. काही सुधारलेलं नाही, फक्त गोळ्या कमी झाल्या. जितक्या जास्त गोळ्या तितकी एखादी लांब पडायची संधी जास्त, एवढंच आहे ते गणित. म्हणून तीन गोळ्यांचा ग्रुप दाखवणाऱ्याची आणि दहा दाखवणाऱ्याची तुलना होऊ शकत नाही.

त्याच्याही पुढची गोष्ट अशी की ३.२ ही नुसती सरासरी. एकेक ग्रुप सव्वादोन इंचही येईल आणि चार इंचही येईल, आणि दोन्ही निव्वळ नशिबाने. म्हणजे सकाळी "अ" काडतुसाने सव्वादोन काढले, दुपारी "ब" ने चार काढले, तर ब खराब असं म्हणता येत नाही. कदाचित दोन्ही सारखीच आहेत. अमेरिकेतले जाणकार हँडगन टेस्ट करताना २५ यार्डांवर पाच गोळ्यांचे लागोपाठ पाच ग्रुप काढतात आणि सगळ्यांची सरासरी सांगतात, सर्वांत छोटा निवडून दाखवत नाहीत. पण २५-२५ गोळ्या झाडूनही दोन काडतुसांत दहा-पंधरा टक्क्यांचा फरक आला तर तो खरा की योगायोग हे ठामपणे सांगता येत नाही. एक दुसऱ्याच्या दीडपट पांगत असेल तर मात्र तेवढ्यात कळतं. मला विचाराल तर छोट्या छोट्या फरकांच्या मागे लागून जी पावडर खर्च होते तिचा निम्मा भाग वाया जातो.

यावर एक बरा उपाय म्हणजे लांबच्या दोनच भोकांवर न विसंबता सगळ्या भोकांचा मध्य काढायचा आणि प्रत्येक भोक त्या मध्यापासून किती दूर आहे याची सरासरी घ्यायची. यात पंचवीसच्या पंचवीस गोळ्या बोलतात, दोनच नाही. मोबाइलवर टार्गेटचा फोटो काढून भोकांवर बोट ठेवलं की हिशोब करून देणारी ॲप्स आहेत.

"पण हात हलला तर ती गोळी धरायची कशाला?"

हा आक्षेप सगळ्यात जास्त येतो. उत्तर असं की हात हलल्याचं गोळी सुटताना सांगितलं, कागद बघायच्या आधी, तर सोडून द्या. कागद बघून सांगितलं तर नाही. कागद बघितल्यावर सगळ्यांचेच हात हललेले असतात.

हाताचा भाग कमी करायचे रस्ते आहेत. बाकावर बसून वाळूच्या पिशवीवर मनगटं टेकवायची, नळी पिशवीवर ठेवायची नाही, कारण झाडताना ती उसळते आणि ग्रुप वर सरकतो. घोडा आधी अंगठ्याने मागे ओढून मग ट्रिगर दाबायचा, ते हलकं जातं. एन्फील्डच्या १९३८ नंतरच्या कितीतरी नगांना हॅमरचं ते मागचं टोकच नाही, रणगाड्याच्या आत कुठे अडकू नये म्हणून काढलेलं, त्यांना प्रत्येक वेळी लांब आणि जड ट्रिगरच ओढावा लागतो. मावसभावाच्या नगाला टोक आहे, नशीब. याहून पुढे जायचं तर बंदूक शिकंज्यात पकडणारी रॅन्सम रेस्टसारखी यंत्रं असतात, पण जुन्या रिव्हॉल्व्हरच्या मुठीच्या आकाराचे जबडे मिळणं सोपं नाही.

क्रमही बघायचा. आधी अ च्या सगळ्या आणि मग ब च्या सगळ्या असं केलं की ब च्या वाट्याला दमलेला हात आणि उतरतं ऊन येतं. अ, ब, अ, ब असं आलटून पालटून करायचं. त्याहून चांगलं म्हणजे दुसऱ्या कोणीतरी सिलिंडर भरून द्यायचा आणि कुठलं काडतूस आहे ते सांगायचं नाही. आपल्या हातच्या काडतुसाचा लाड आपण नकळत करतोच. आणि साफ केलेल्या, तेल लागलेल्या नळीतून पहिली एखादी गोळी वेगळीच जाते, म्हणून मोजायच्या आधी दोन-चार अशाच मातीत घालवायच्या.

"वेग मोजणारं मशीन आहे ना, मग कागद कशाला?"

क्रोनोग्राफ बुलेटचा वेग सांगतो, आणि सगळ्या गोळ्यांचा वेग सारखा आला तर लोकांना वाटतं काडतूस अचूक झालं. रिव्हॉल्व्हरच्या अंतरावर तसं थेट नसतं. २५ यार्डांवर सेकंदाला ६५० फूट वेगाची बुलेट सुमारे अडीच इंच खाली येते, ७०० फुटांची सव्वादोन. फरक पाव-अर्ध्या इंचाचा. वरून गंमत अशी की हातातली बंदूक बुलेट नळीतून बाहेर पडायच्या आतच उसळायला लागते, त्यामुळे संथ आणि जड बुलेट नळीत जास्त वेळ राहते आणि बहुतेक वेळा टार्गेटवर वर लागते. ऐकायला उलटं वाटतं. म्हणूनच या बंदुकांची पुढची साइट एवढी उंच असते आणि ती एका ठरावीक वजनाच्या बुलेटसाठी बसवलेली असते.

वेगाचं मशीन दुसऱ्या कामाला मात्र फार चांगलं. अर्ध्या रिकाम्या केसमध्ये पावडर कुठे पडलीय यावर वेग बदलतो. झाडण्याआधी नळी आकाशाकडे करून हळूच खाली आणली तर पावडर प्रायमरच्या बाजूला, जमिनीकडे करून वर आणली तर बुलेटच्या बाजूला. दोन्हींचा वेग मोजून बघायचा. फार फरक असेल तर ती पावडर त्या केससाठी बरोबर नाही, असं समजून दुसरी बघायची.

मग आपल्याकडे याचा काय उपयोग

हँडलोड नाही, पण टेस्टची पद्धत सगळी तशीच लागू आहे. आपल्याकडे परवान्यावर सर्रास दिसतं ते कानपूरचं .३२, आणि काडतुसं खडकीच्या कारखान्याची, बुडावर केएफ छाप असलेली. .२२ खेळणारे आणि एअर पिस्तूलवाले तर काडतुसाचा किंवा छर्र्याचा लॉट घेण्याआधी पिस्तूल शिकंज्यात बसवून दोन-तीन लॉट झाडून बघतात आणि जो घट्ट येईल त्याचे डबे उचलतात. तिथेही पाचावर ठरवणारे आहेतच.

घरात आजोबांचं जुनं रिव्हॉल्व्हर असेल, परवाना चालू असेल, तर रेंजवर नेण्याआधी गनस्मिथकडून तीन गोष्टी तपासून घ्या. घोडा ओढल्यावर सिलिंडर जागच्या जागी हलतोय का, प्रत्येक चेंबर नळीसमोर सरळ येतोय का, आणि नळीवर कुठे फुगवटा आहे का. फुगवटा असला तर कधीतरी आत अडकलेल्या बुलेटवर दुसरी झाडली गेलीय, आणि मग त्या बंदुकीतून पुढे काहीही झाडायचं नाही.

मावसभावाला मी सहा टार्गेटवालं सगळं लिहून पाठवलं. त्याचं उत्तर आलं, पाचवी गोळी म्हणे तीन नंबरची होती, दोन्ही रविवारी.